भेंडीच्या ठशांची पूररेषा

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं, त्याला स्वतःला साडू नसणार. माझे साडू रुचिर पुण्याला असतात आणि सुट्टीच्या दिवशी घरात स्वतःच्या हातांनी काहीबाही करतात. बाटल्यांचे दिवे करतात, करवंट्यांच्या कुंड्या करतात, जुन्या पँटींच्या पिशव्या करतात, आणि करून झालं की फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. मग सगळ्या बायका त्यांना टाळ्या वाजवणारे हात पाठवतात. त्यांत माझ्या बायकोचेही हात असतात, हे मी पाहून ठेवलं आहे.

तर या रुचिररावांनी मला एक व्हिडिओ पाठवला. घरातल्या भाजीपासून भिंतीवर सुंदर नक्षी, फक्त दहा मिनिटांत! भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची, भिंतीवर उमटवायची, की पाच पाकळ्यांचं फूल तयार. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'श्रीधरराव, अगदी सोपं आहे. तुम्हालाही जमेल.'

'तुम्हालाही' हा शब्द मी बराच वेळ पाहत बसलो. मी पोलादपूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवतो. पानिपत शिकवताना पोरांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या माणसाला भेंडी जमेल की नाही, याची शंका पुण्यातल्या माणसाने घ्यावी?

आता भिंतीबद्दल सांगायला हवं. आमचं घर महाडात, आणि महाडात माणसाला भिंतीबद्दल विचारलं की तो पाण्याबद्दल सांगायला लागतो. एकवीस सालच्या पुराने आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर गढूळ रंगाचा एक पट्टा ठेवला होता. वर कुठलाही रंग द्या, पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा हजर. शिवाय इथे कोणाच्या घरात किती पाणी होतं, यावर माणसाची पत ठरते. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस आधी आडनाव विचारतो आणि मग पाणी विचारतो. कमी पाणी आलेल्याने चारचौघांत फार बोलू नये, असा संकेत आहे. आमचे शेजारी महिपतीदादा मूळचे वरंधकडचे, शेती तिकडे आणि घर इकडे. त्यांच्या घरातलं पाणी दर वर्षी वीतभर वाढतं. पूर ओसरला तेव्हा ते खिडकीपर्यंत होतं, अलीकडे पंख्याच्या पात्यांना लागलं आहे. आम्ही ऐकून घेतो.

माझी बायको अस्मिता ब्लाउज शिवते. पुरानंतर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली : मशीनसाठी वर एक खोली. 'मला दुसरं काही नको, मशीन वर पाहिजे,' एवढंच म्हणाली. तिने त्या खोलीच्या परवानगीसाठी जितक्या खेपा घातल्या, तितक्या मी एखाद्या देवाला घातल्या असत्या तर त्याने वैतागून दर्शन दिलं असतं. ज्या कार्यालयात त्या घातल्या त्याचं नाव मी घेत नाही, कारण मला तिथे अजून जायचं असतं. तर फाईल एकदाची शेवटच्या टेबलावर पोचली होती, आणि सोमवारी इंजिनियर जागा पाहायला येणार होता. नेमकं त्याच सुमारास पोलादपूरला सासूबाईंचं, म्हणजे गोदावरीबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. अस्मिता माहेरी निघाली. निघताना दारातून वळून म्हणाली, "इंजिनियर येऊन जाईपर्यंत कशाला हात लावू नका. भिंतीला नाही, नळाला नाही, कशालाच नाही."

ज्या नवऱ्याला असं सांगावं लागतं, त्याला ते सांगून उपयोग नसतो. पण हे बायकांच्या लक्षात येत नाही.

माझा हिशेब सरळ होता. इंजिनियर येणार, डागाळलेली भिंत पाहणार, मनात म्हणणार, काय हे घर! त्यापेक्षा पांढरीशुभ्र भिंत, वर फुलांची नाजूक किनार, आणि खाली विनयाने उभा असलेला मी. अस्मिता परत येईल, पाहील, आणि टाळ्या वाजवणारे हात निदान एकदा तरी माझ्या वाट्याला येतील.

शनिवारी सकाळची शाळा उरकून आलो आणि ठमाबाईंकडे गेलो. ठमाबाई दासगावहून भाजी आणून आमच्याच आळीत विकतात, आणि गिऱ्हाइकाची चौकशी केल्याशिवाय कोथिंबिरीची काडी देत नाहीत.

"भेंडी द्या. जरा जून बघून."

"जून?" त्यांनी तराजू खाली ठेवला. "मास्तर, बायको माहेरी गेली न तुमी जून भेंडी नेताव? आजारी हाव काय?"

"भिंतीला लावायचीय."

ठमाबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्यांनी भेंडी दिली, वर चार मिरच्याही दिल्या, आणि मी वळताच पलीकडच्या बाईला काहीतरी हळू आवाजात सांगितलं.

आधी भिंतीला चुना दिला. पट्टा पार झाकला गेला. मग किनार सरळ यावी म्हणून आखणी करायची होती. दाराच्या चौकटीच्या वर दोन टोकांना दोन खिळे होते. आमच्या आळीतला गवंडी रामा याने ते कधीकाळी मांडवाच्या कापडासाठी पाणसळ लावून, अगदी एका पातळीत, ठोकले होते. मी सुतळी निळीच्या पाण्यात भिजवली, दोन खिळ्यांना ताणून बांधली, मधोमध धरून ओढली आणि सोडली. फट्कन आवाज झाला आणि भिंतीवर एक निळी, बारीक, नितळ रेघ उमटली. इतकी सरळ गोष्ट माझ्या हातून यापूर्वी कधी झाली नव्हती. मी थोडा मागे सरकून ती पाहिली. पानिपताचा निकाल त्या दिवशी वेगळा लागला असता, असं मला क्षणभर वाटलं. मग पुढच्या कामात आड येतील म्हणून मी ते खिळे उपटून टाकले.

यानंतर भेंडी. व्हिडिओतल्या भेंडीला आणि दासगावच्या भेंडीला निसर्गाने वेगवेगळ्या हेतूने घडवलं असावं. कापल्याबरोबर तिला जी बुळबुळीत तार सुटली, ती रंगात मिसळली आणि तो रंग भिंतीवरून हळूहळू उतरू लागला. फुलं उमटायची, पण जागेवर थांबायची नाहीत. काही फुलं गुडघ्यापर्यंत आली. काही एकमेकांत मिसळली आणि त्यांचं जे झालं ते मी सभ्य शब्दांत सांगू शकत नाही. शेवटी मी ओलं फडकं घेतलं आणि सगळी बाग पुसून काढली. फुलं गेली. रेघ मात्र गेली नाही. ओल्या चुन्यात नीळ अशी मुरली होती की जितकं पुसावं तितकी ती उजळत होती.

मी हात धुवायला आत गेलो. बाहेर आलो तर महिपतीदादा दोन्ही हात कमरेवर ठेवून रेघेखाली उभे. मागे आणखी चौघे.

"सर, मारली म्हणायची एकदाची रेघ!" महिपतीदादा म्हणाले. "किती वर्सं आयकतोय, सरकार पुराची रेघ मारनार, मारनार. आज मुहूर्त लागला."

या ठिकाणी कोणताही समंजस माणूस म्हणाला असता, अहो, ही भेंडी आहे. पण धुऊनही माझे हात कोपरापर्यंत निळे होते, अंगावर चुना होता, पायाशी एक ठेचलेली भेंडी होती, आणि समोर मला 'सर' म्हणणारे पाच लोक होते. मी पाय पुढे करून भेंडी झाकली आणि म्हणालो, "हं."

एवढंच म्हणालो. तेवढ्याने काम झालं.

संध्याकाळपर्यंत सबंध आळीला कळलं की सरकारने सरांच्या घरावर पूररेषा मारली. कशासाठी, हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला नीट समजलं होतं. 'आज रेघ मारली, उद्या काहीतरी देनार,' हे पहिलं मत. 'देणार तर रेघवाल्यांनाच देणार,' हे दुसरं. आणि 'मग आपल्या घरावर का नाही मारली?' हे तिसरं आणि सर्वांत तापलेलं. एकट्या सरांच्या घराला रेघ, यामागे सरांची वरपर्यंत ओळख असली पाहिजे, हेही कोणीतरी बोललं. खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला बरं वाटलं.

रविवारी सकाळी रामा आपला पारदर्शक पाईप घेऊन आला. त्यात पाणी भरतात आणि एका भिंतीवरची उंची दुसरीवर तंतोतंत नेतात. त्याने माझी रेघ महिपतीदादांच्या भिंतीवर नेली, तिथून पुढच्या घरावर, मग त्याच्या पुढच्या. महिपतीदादांची तक्रार होती की त्यांच्या घरावर रेघ हातभर वर पाहिजे, कारण त्यांच्याकडे पाणी पंख्याला होतं. रामाने त्यांना समजावलं की पाणी सगळीकडे एकाच पातळीला असतं. महिपतीदादा म्हणाले, "ते तुझ्या पाइपातलं. आमच्या घरातलं येगळं होतं." ठमाबाईंचं आळीतलं खोपटं बुटकं असल्यामुळे त्यांची रेघ मागच्या माडावर मारावी लागली. दुपारपर्यंत आळीच्या वळणापर्यंत एकसारखी निळी रेघ गेली, आणि खरं सांगायचं तर ती दिसत सुरेख होती. रुचिररावांना फोटो पाठवावा असा मोह मला झाला.

सोमवारी इंजिनियर आला. मोटरसायकलवरून उतरला, हेल्मेट काढलं आणि वाकून माझ्या पाया पडला. तो शौनक निघाला, माझाच जुना विद्यार्थी. मला देव पावला असं वाटलं. पण मान वर करून त्याने भिंत पाहिली, मग सगळी आळी पाहिली, आणि त्याचा चेहरा सरकारी झाला.

"सर, हे मार्किंग कोणी केलं?"

"मी."

शौनक हसला. मोठ्याने नाही, पण हसला. "सर, गंमत करू नका. तुमच्या फळ्यावरच्या रेघा आम्ही पाहिल्यात. तुमची कालरेषा सातवाहनांपाशी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुरू व्हायची आणि पेशवाई येईपर्यंत खडूच्या डब्यात पडायची. ही रेघ तुमची नाही."

मी काही बोलणार, एवढ्यात महिपतीदादा पुढे आले. "सायब, मी सोताच्या डोळ्यांनी बघितली मानसं. दोगं होते. एकाच्या डोक्यावर पिवळी टोपी. मी त्यांना चा पाजला."

महिपतीदादांनी इतक्या वर्षांत मला चहा पाजलेला नाही. पण जी माणसं आलीच नाहीत त्यांना मात्र पाजला. रामानेही मान डोलावली. त्याच्या मते त्या दोघांतल्या एकाने त्याच्या पाइपाचं कौतुक केलं होतं.

शौनकने मला बाजूला घेतलं. "सर, पाणी या उंचीपर्यंत येत असेल, तर नियमाप्रमाणे इथे नवं बांधकाम होणार नाही. वरची खोली विसरा. तुमचीच नाही, आळीतली कुठलीच फाईल आता मला पुढे नेता येणार नाही. पाणी खरं कुठवर होतं त्याची काही खूण आहे का?"

खूण होती. तिला मी शनिवारी चुना दिला होता. बाकीच्या घरांनी तर कधीच टाइल्स बसवून आपापल्या खुणा बुजवल्या होत्या.

मंगळवारी मी रजा टाकली. नद्यांचं काम पाहणारं आणखी एक खातं आहे, तिथे गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे रजिस्टर चाळलं आणि सांगितलं, "आमच्याकडे अशी रेघ नाही."

"तेवढंच लिहून द्या."

"जी रेघ आमची नाही, तिच्याबद्दल आम्ही कसं लिहिणार?"

हे वाक्य मी पुढे वर्गात तीन वेळा वापरलं, इतकं ते बिनतोड होतं. तिथून मी शौनकच्या कार्यालयात आलो. सोबत पुरावा म्हणून पिशवीत उरलेली भेंडी होती. दारावरच्या शिपायाने पिशवी माझ्या हातातून आपुलकीने घेतली, आत पाहिलं, एक भेंडी मोडून बघितली आणि "जून आहे" म्हणून परत दिली. मी आयुष्यात कोणाला काही चारलेलं नाही, आणि ज्या दिवशी चारतो आहे असं वाटलं, त्या दिवशी मालही नापास झाला. शौनक म्हणाला, "सर, शेजाऱ्यांकडून लिहून आणा की रेघ तुम्ही मारली."

मी आळीत दारोदार फिरलो. वरच्या मजल्यांची परवानगी सगळ्यांचीच अडकेल, हे समजावून सांगितलं. लोकांनी आदराने ऐकून घेतलं आणि मग आपसांत ठरवलं की काहीतरी मोठं मिळणार आहे आणि सरांना ते एकट्याला पाहिजे आहे.

बुधवारी दुपारी अस्मिता पोलादपूरहून आली. पिशवी खांद्यालाच होती. तिने भिंत पाहिली, आळी पाहिली, माडावरची रेघही पाहिली. मी सगळं सांगितलं, भेंडीपासून शिपायापर्यंत. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती ओट्यावर बसली आणि बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. तिची खोली मी दहा मिनिटांत घालवली होती, आणि व्हिडिओतलं तेवढं वेळेचं गणित मात्र खरं ठरलं होतं. मग ती म्हणाली, "बोलवा त्याला परत."

शौनक आला. चांगला मुलगा आहे, सरांनी बोलावलं म्हणून कामाची वेळ संपल्यावर आला. म्हणाला, "सर, ठीक आहे. तुम्ही मारलीत ना? माझ्यासमोर दुसरी मारून दाखवा."

सगळी आळी जमली. मी सुतळी निळीत भिजवली. पण खिळे मी उपटले होते, म्हणून एक टोक मी धरलं आणि दुसरं महिपतीदादांनी. महिपतीदादा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत, शिवाय या कामी त्यांचं मन लागलेलं नव्हतं. फट्कन आवाज झाला. भिंतीवर रेघ उमटली. ती महिपतीदादांच्या टोकाला दारावर होती आणि माझ्या टोकाला खिडकीत उतरली होती.

"हीच," शौनक म्हणाला. "ही सरांची रेघ. ओळखली असती कुठेही." आळीत हशा झाला. शौनकने वही मिटली. "म्हणजे वरची सरकारीच. माफ करा सर."

तेवढ्यात अस्मिता ओट्यावर चढली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"शौनक, इकडे बघ," ती म्हणाली. "पुराच्या दिवशी मी इथे उभी होते. इथेच, या जागेवर. हे पोलादपुरात अडकले होते, रस्ते बंद होते. माझ्या डोक्यावर मशीन होतं. खाली ठेवायला जागा नव्हती, आणि लोकांचे कपडे डोळ्यांसमोर वाहून गेले होते, म्हणून मशीन सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं." तिने हात आडवा धरून गळ्याशी नेला. "पाणी इथवर आलं. इथे थांबलं. दोराने ओढून घेतलं लोकांनी, तोवर इथेच होतं." मग तिने मान न वळवता वर बोट दाखवलं. रेघ तिच्या डोक्याच्या हातभर वर होती. "त्या रेघेपर्यंत असतं, तर मी आज तुझ्याशी बोलत नसते."

तिने मशीन वाचवलं, हे मला माहीत होतं. मी ते लोकांना कौतुकाने सांगतही असे. पण ते कसं वाचवलं, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. डाग पाहून मी ठरवलं होतं की आमच्याकडे बेताचं पाणी होतं. माझ्या उंचीला ते बेताचं होतं. मला त्या क्षणी फार लाज वाटली, आणि ती लाज भेंडीची नव्हती.

शौनकने वही उघडली. टेप काढून त्याने ओट्यापासून तिच्या गळ्यापर्यंत माप घेतलं आणि लिहून घेतलं. महिपतीदादांनी घसा खाकरला. "पन आमच्याकडं पंख्याला होतं, ते लिवा."

"कुनाच्या पंख्याला?" गर्दीतून आवाज आला. महिपतीदादांच्या पत्नी साळूबाई पुढे आल्या. उंचीने त्या अस्मितेच्या खांद्याला लागतात. "कंबरंएवढं होतं सायब. माज्या कंबरंएवढं. मी त्या पान्यात कोंबड्या धरीत होते न हे माळ्यावर बसून मोजीत होते. आन चा पन पाजला नाय कुनाला. चूल हाय माज्या ताब्यात."

दुसऱ्या दिवशी शौनक टेप घेऊन पुन्हा आला, तेव्हा आळीतल्या सगळ्या बायका आपापल्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभ्या होत्या. कोणी हात कमरेला लावला होता, कोणी पोटाशी, कोणी छातीशी. तो एकेक माप लिहीत गेला. नवरे लोक आत होते. महिपतीदादा त्या दिवशी वरंधला गेले होते. शेतावर तातडीचं काम निघालं होतं म्हणे.

खोलीची परवानगी आली, खोली झाली. जिन्याची परवानगी मात्र वेगळ्या टेबलावर असते, आणि ते टेबल सध्या रजेवर आहे. त्यामुळे मशीन वर न्यायचं ते शिडीवरून. रामाला बोलावूया म्हणून अस्मिता सांगत होती. मी ऐकलं नाही. मशीन मी डोक्यावर घेतलं आणि चढायला लागलो. तिसऱ्या पायरीवर माझी मान अवघडली, आणि पाचवीवर मी थांबलो.

"जड आहे ना?" ती खालून म्हणाली. "द्या इकडे."

"नको," मी म्हणालो. "तू किती वेळ धरलं होतंस?"

तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि मी पुढची पायरी चढलो.